कुंपणाच्या आतलं पाणी

बुलढाणा जिल्ह्यात कुणी आपल्या गावाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. घाटावरचं का घाटाखालचं? अजिंठ्याची डोंगररांग जिल्ह्याच्या मधून आडवी गेली आहे. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. खाली मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. वरची पैनगंगा आणि खडकपूर्णा गोदावरीच्या खोऱ्यातल्या, तर खालच्या नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा पूर्णेतून तापीला मिळणाऱ्या. कड्यावर पडलेल्या पावसाचे दोन थेंब शेजारी पडूनही दोन वेगळ्या समुद्रांकडे निघतात. बियाणं घेताना, सोयरीक जुळवताना, हवापाण्याच्या गप्पा मारताना ही विभागणी प्रत्येकाच्या तोंडी असते. घराभोवती झाडं लावायची वेळ आली की मात्र ती कुणालाच आठवत नाही. वरच्या मुरमाड प्लॉटवर आणि खालच्या काळ्या, खारवट जमिनीवर एकाच नर्सरीतली एकच हिरवळ अंथरली जाते, तेच पाम लावले जातात आणि होळीनंतर दोन्हीकडे सारखाच पिवळेपणा येतो.

कोरड्या मुलखात घराभोवतीची हिरवाई कशी राखावी, या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत बरंच बोललं जातं. ठिबक विकणारे ठिबक सांगतात, नर्सरीवाले ‘कमी पाण्याची’ झाडं सांगतात, पाणलोटाचं काम केलेली माणसं जिरवण्याचं सांगतात आणि जुन्या घरातल्या आजीबाई मोरीच्या पाण्याचं सांगतात. प्रत्येकाच्या सांगण्यात तथ्य आहे. पण तुमच्या अंगणात कोणतं पाणी येतं आणि ते कोणत्या मातीत पडतं, हे विचारल्याशिवाय यातला कुठलाच सल्ला कामाचा नाही.

आधी पावसाचा हिशेब. जिल्ह्यात वर्षाला सरासरी सातशे ते आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि हा आकडा वाळवंटाचा नव्हे. अडचण त्याच्या वाटणीत आहे. बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये, तोही मोजक्या दिवसांत येतो आणि मग आठ महिने आभाळ कोरडं. २२ जुलै २०२३ रोजी संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टीने शेतं खरडून गेली, घरांत पाणी शिरलं. असं साल असलं तरी पुढचा एप्रिल कोरडाच असतो. जिल्ह्याच्या बऱ्याच भागाखाली काळा बेसाल्ट आहे. या कातळात पाणी साठतं ते फक्त भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात. म्हणून दिवाळीला तुडुंब दिसणारी विहीर होळीपर्यंत तळ दाखवते. शहरांचे नळ या धरणाच्या नाही तर त्या धरणाच्या भरवशावर आहेत. बुलढाणा शहर येळगावच्या धरणाकडे पाहतं, खामगाव ज्ञानगंगेकडे. उन्हाळा वाढत गेला की दोन पाण्यांमधले दिवस वाढत जातात, आणि नळाला पाणी येण्याच्या दिवशी घरातलं कुणीतरी कामावर उशिरा जातं.

अशा जिल्ह्याला पाणी अडवण्याची कला शिकवायची गरज नाही. सिंदखेडराजात जाधवांच्या काळातला मोती तलाव आणि मूर्तींनी मढलेली पुतळा बारव आजही उभी आहे. लोणारच्या विवराच्या काठावरची धार अखंड वाहते. अलीकडचं बोलायचं तर महामार्गाच्या भरावासाठी लागणारी माती-मुरूम तलावांतून आणि नाल्यांतून काढायचा, म्हणजे रस्ताही होतो आणि तळंही खोल होतं, ही युक्ती देशभर ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून ओळखली गेली. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने जिल्ह्यातल्या तलावांचा गाळ काढायला यंत्रांचा ताफाच उतरवला. त्याच वर्षी पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत मोताळा तालुक्यातलं सिंदखेड राज्यात दुसऱ्या क्रमांकाच्या गावांत आलं. हातात टिकाव-फावडं घेऊन पहाटे माळावर जाणारी माणसं या जिल्ह्याने पाहिली आहेत.

पण हे सगळं शिवारातलं. तीच माणसं तालुक्याच्या गावी एनए प्लॉट घेऊन घर बांधतात, तेव्हा स्लॅबवरचं पाणी पाइपाने थेट रस्त्यावर सोडतात, अंगणात पेव्हर ब्लॉक बसवतात, आणि उरलेल्या चार हातांच्या पट्ट्यात बोअरच्या पाण्यावर लॉन लावतात. शिवारात चर खोदणाऱ्या माणसाच्या दारातला पाऊस गटारात जातो. मला या विषयात सगळ्यांत जास्त खटकतं ते हेच.

हिरवळीचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. हजार चौरस फूट म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. मे महिन्यात वऱ्हाडच्या उन्हात हिरवळ हिरवी ठेवायची तर रोज सहा मिलिमीटर पाणी धरावंच लागतं. म्हणजे दिवसाला साडेपाचशे लिटरच्या वर. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी ठरवलेलं माप दिवसाला ५५ लिटरचं आहे. एक मध्यम लॉन दहा माणसांचं पाणी पितं, आणि त्यातून एक कढीपत्त्याचं पानही मिळत नाही. ज्या घरात मुलं खेळतात तिथे दहा बाय दहाचा हिरवा तुकडा मी समजू शकतो. पण फाटकापासून पायरीपर्यंतचा, कुणी पायही न ठेवणारा गालिचा या जिल्ह्यात नसावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे मत काही माझ्या एकट्याचं नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा खात्याने १९८१ मध्ये ‘झेरिस्केप’ हा शब्द बनवला. ग्रीक भाषेतल्या कोरडेपणाच्या शब्दावरून तो आला. त्यातली मुख्य कल्पना साधी आहे. पाण्याच्या गरजेप्रमाणे झाडांचे शेजार लावायचे. जास्त पिणारी दाराजवळ, मोरीजवळ. कमी पिणारी कुंपणाकडे. मधला भाग पालापाचोळ्याने झाकलेला. लास व्हेगासला वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. तिथलं पाणी खातं हिरवळ उपटून टाकणाऱ्याला पैसे देतं, आणि नेवाडा राज्याने २०२१ मध्ये कायदा करून रस्त्यांच्या दुभाजकांवरच्या, कचेऱ्यांपुढच्या शोभेच्या गवताला २०२७ पासून कोलोरॅडो नदीचं पाणी द्यायला बंदी केली. आपल्याकडे पाऊस त्यांच्या सातपट. तरीही त्यांचं एक अनुकरण इथे चुकीचं उतरलं आहे. ‘कमी पाण्याची बाग’ म्हणजे पांढरे गोटे आणि त्यात दोन निवडुंग, असा समज शहरातल्या नव्या बंगल्यांमध्ये पसरतो आहे. घाटाखाली पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो. तिथे खिडकीपुढे गोट्यांचा पट्टा म्हणजे तापलेला तवा ठेवण्यासारखं. दिवसभर तापलेले दगड रात्री भिंतीला ऊब देत बसतात, आणि मग आत कूलर जास्त चालतो.

कूलरचा विषय निघालाच आहे तर तोही या हिशेबात धरायला हवा. विदर्भात उन्हाळ्यात घरचं पाणी पिणारा मोठा गडी कूलर आहे. वाळ्याच्या ताट्या असोत की लाकडी भुश्याच्या, मोठा कूलर मे महिन्यात दिवसाकाठी शंभर लिटरच्या आसपास पाणी हवेत उडवतो. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारचं ऊन पडू दिलं नाही तर हा खर्च उतरतो. भिंतीपासून हातभर अंतरावर जाळी उभी करून चढवलेली मधुमालती किंवा बोगनवेल, थोडं लांब एक निंब. बाग पाणी मागते, हे आपण धरूनच चालतो. नीट जागी लावलेलं झाड घरातलं पाणी वाचवतं, हे कुणी धरत नाही. बागेचा आराखडा मी सूर्यापासून सुरू करायला सांगतो तो याचसाठी. आधी पश्चिम झाका, शोभा मागाहून बघा.

आता घाटावरचं बोलू. इथे जमीन हलकी, वीत-दोन वीत मातीखाली मुरूम, त्याखाली कातळ. पाणी पडतं आणि उताराने निघून जातं, नाही तर मुरमातून भसाभस खाली उतरतं. इथल्या घरमालकाला करायचं आहे ते पाण्याला थांबवण्याचं काम. प्लॉटला उतार कुठला, हे पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन बाहेर उभं राहिलं की दहा मिनिटांत कळतं. पाणी ज्या वाटेने पळतं तिला आडवा वीतभर उंचीचा मातीचा बांध, झाडाच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राचं आळं, आणि स्लॅबचा पाइप उतरतो तिथे गुडघाभर खोल, पसरट खड्डा. त्या खड्ड्यात कर्दळ, काठावर जास्वंद. पावसाळ्यात तो दर पावसाला भरतो आणि काही तासांत जिरतो. ‘माथा ते पायथा’ हे पाणलोटातलं सूत्र दोन हजार चौरस फुटांवर उतरवायला यंत्र लागत नाही.

मुरमात खड्डा मात्र मन लावून खणावा लागतो. तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल. तो तळ्यातल्या गाळाने आणि शेणखताने भरायचा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ मध्ये आली, तेव्हापासून शेतकरी उन्हाळ्यात ट्रॉल्या भरून गाळ नेतात. घर बांधणाऱ्याने विटा-वाळूच्या यादीत एक ट्रॉली गाळही लिहून ठेवला तर पुढची वीस वर्षं त्याला त्याचा उपयोग होईल. गाळ ओल धरतो, मुरूम निचरा देतो. दोन्ही मिळून जे होतं त्याला शेतकरी वाफसा म्हणतो. मातीत ओलही हवी आणि हवाही हवी, हे त्या एका शब्दात आहे. रोज पाइप लावून चिखल करणाऱ्या घरमालकाला हा शब्द पुन्हा शिकावा लागेल.

स्लॅबच्या पाण्याचा हिशेबही करून ठेवण्याजोगा आहे. हजार चौरस फुटांचा स्लॅब, साडेसातशे मिलिमीटर पाऊस, त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं तरी वर्षाला पंचावन्न हजार लिटर पाणी हाती लागतं. घाटावर ते गाळणीतून बोअरमध्ये किंवा विहिरीत सोडलं तर तिथल्या भेगांना पोहोचतं. पहिल्या एक-दोन पावसांचं धुवण सोडून द्यायचं, एवढी काळजी घेतली की झालं. नियमाने पाहिलं तर राज्याच्या एकात्मिक विकास नियमावलीत पर्जन्यजल संकलनाची सक्ती पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांना आहे. आपल्याकडची बहुतेक घरं दीड-दोन हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर उभी आहेत. म्हणजे ती सक्तीच्या बाहेर राहतात, आणि एकेका वसाहतीतल्या शंभर-शंभर स्लॅबचं पाणी रस्ता फोडत नाल्याला जातं.

घाटाखाली उतरलं की यातलं अर्धं शहाणपण उलटं करावं लागतं, आणि सगळ्यांत जास्त चुका होतात त्या तिथेच. पूर्णेच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. इथे माती काळी आणि खोल आहे. दिसायला सोन्यासारखी. पण भूजल खारं, आणि त्या क्षारांत सोडियमचा वाटा मोठा. बोअर मारला तर पाणी लागतं, भरपूर लागतं, पण ते पिण्याचंही नसतं आणि झाडाला घालण्याचंही नसतं. हे पाणी वर्षानुवर्षं पिणाऱ्या गावांतल्या मूत्रपिंडाच्या दुखण्यांबद्दल जिल्ह्यात सतत बोललं जातं. जळगाव जामोद, संग्रामपूरच्या बाजूला वान धरणावरून गोडं पाणी आणण्याची एकशेचाळीस गावांची योजना हाती घ्यावी लागली ती त्यामुळेच.

आमच्या नात्यातलं एक घर शेगाव तालुक्यात आहे. मागच्या अंगणात दोन लिंबं होती. एका उन्हाळ्यात गेलो तर पानांच्या कडा जळालेल्या, विटकरी रंगाच्या. मामी म्हणाली, “पानी त रोजच देतो बापा, तरी पानं जयतातच.” पाणी कोणतं विचारलं तर पिण्याच्या पाण्याचं आरओ यंत्र जे टाकून देतं, ते. वाया जाऊ नये म्हणून ती माउली बादलीत धरून झाडाला घालत होती. तिची नियत शंभर टक्के खरी होती. पण आरओ यंत्र गोडं पाणी वेगळं काढतं तेव्हा पाण्यातला सगळा क्षार त्या टाकाऊ धारेत गोळा होतो. खारं पाणी आणखी खारं करून आपण ते झाडाच्या मुळाशी ओतत होतो, आणि लिंबू तर क्षाराला सगळ्यांत आधी मान टाकणाऱ्या झाडांपैकी. एक लिंब गेलं. दुसरं पुढच्या पावसाळ्यात सावरलं, कारण आम्ही त्याच्या आळ्याला चर काढून पावसाचं पाणी भरपूर वाहू दिलं आणि क्षार खाली धुतला गेला. आरओचं पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला ठीक. कूलरच्या टाकीत तळाशी उरलेल्या पाण्याचंही तेच. उन्हाळाभर पाणी उडत राहतं आणि क्षार मागे उरत राहतो.

म्हणून खारपाणपट्ट्यात पावसाचं पाणी जमिनीत नव्हे, टाकीत. गोडं पाणी खाऱ्या भूजलात सोडलं की ते परत गोडं मिळेल याची शाश्वती नाही. घराच्या पडवीशेजारी दहा हजार लिटरची बांधीव टाकी असली आणि रोज ऐंशी लिटर काढलं तर ती चार महिने पुरते. चार महिने म्हणजे जवळपास सगळा उन्हाळा. शेतातही इथे वेगळंच चालतं. ही चिकण माती एकदा फुगली की पाणी फारसं झिरपू देत नाही, त्यामुळे या पट्ट्यात शेततळ्याला प्लॅस्टिकचा कागद न घालताही पाणी टिकतं. जी माती झाडाला त्रास देते तीच तळ्याला उपकारक ठरते.

याच मातीची आणखी एक खोड घर बांधणाऱ्याने ओळखून असावी. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पायाला लागून वाफे करून रोज पाणी सोडलं तर भिंतीला तडे जायला वेळ लागत नाही. झाडं पायापासून दूर, आणि भिंतीलगत फरशीचा उतार बाहेरच्या बाजूला. फुलझाडांची हौस असेल तर कुंड्यांत किंवा विटांचं कडं करून उंच केलेल्या वाफ्यात, गाळ आणि शेणखताच्या मातीत, आणि टाकीतल्या पावसाच्या पाण्यावर. सरी-वरंबा केला तर रोप वरंब्याच्या माथ्यावर लावू नये. ओल वर चढते आणि माथ्यावर वाळते, तिथेच पांढरा क्षार जमतो. रोप वरंब्याच्या कुशीला लावावं. जमीन फारच घट्ट, पापुद्रा धरणारी असेल तर जिप्सम उपयोगी पडतं, पण माती तपासून आणि पावसाळ्याच्या तोंडाशी, म्हणजे सुटलेला सोडियम पावसाने खाली जाईल.

आता ठिबकाकडे. शेजारच्या खानदेशातल्या जळगावात भवरलाल जैन यांनी ठिबकाचा कारखाना उभा केल्यापासून या भागातल्या शेतकऱ्याला नळी, ड्रीपर, फिल्टर हे शब्द नवे नाहीत. घरच्या बागेत मात्र ठिबक बहुतेकदा दोन वर्षांत बंद पडतं. कारणं तीन. एक म्हणजे दाब. शेतात पंप असतो. घरात गच्चीवरची टाकी असते, आणि दहा मीटर उंचीला एक बार दाब मिळतो. एकमजली घराच्या टाकीचा दाब त्याच्या निम्माही नसतो. दाब सांभाळणारे महागडे ड्रीपर अशा ठिकाणी नीट चालत नाहीत. साधे, उघडून साफ करता येणारे किंवा बारीक सूक्ष्मनळ्या चालतात. दुसरं कारण क्षार. ड्रीपरच्या तोंडाशी पांढरा खडा बसतो आणि घरमालकाला वाटतं झाड वाळलं ते उन्हाने. तिसरं कारण सगळ्यांत सामान्य. रोप लावताना ड्रीपर बुंध्याशी ठेवला, झाड दहा फुटांचं झालं, ड्रीपर तिथेच. पाणी पिणारी मुळं तोवर फांद्यांच्या घेराखाली पसरलेली असतात.

माती ओळखून ड्रीपर ठेवावा लागतो. काळ्या जमिनीत ओल कांद्यासारखी आडवी पसरते, मुरमात गाजरासारखी सरळ खाली जाते. म्हणून घाटाखाली एका झाडाला दोन ड्रीपर पुरतात, घाटावर चार लागतात, आणि घाटावर थोडं थोडं वरचेवर द्यावं लागतं, घाटाखाली जास्त पण आठवड्यातून एक-दोनदा. खारवट जमिनीत ठिबकाच्या ओलीच्या कडेला क्षाराचं कडं तयार होतं. जूनमध्ये पहिला हलका पाऊस आला की ते कडं विरघळून पुन्हा मुळांकडे येतं. अशा वेळी पाऊस आला म्हणून ठिबक बंद करू नये, चांगला पाऊस होईपर्यंत चालू ठेवावं. हे माहीत नसलेल्या घरात रोपं नेमकी पहिल्या पावसात मरतात आणि दोष रोगाला दिला जातो.

माझ्या लेखी या जिल्ह्याच्या घरांना ठिबकापेक्षाही सोयीचं साधन कुंभाराकडे मिळतं. न भाजता रंगवलेलं नव्हे, चांगलं भाजलेलं, सच्छिद्र मडकं झाडाशेजारी गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्याने भरायचं, वर झाकण. माती कोरडी झाली की ती मडक्यातून पाणी ओढते, ओली असली की ओढत नाही. वीज नाही, दाब नाही, टायमर नाही. चीनमध्ये इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातल्या शेतीग्रंथात ही पद्धत नोंदलेली आहे. आपल्या देशात १९७०च्या दशकात कर्नालच्या केंद्रीय मृदा क्षारता संशोधन संस्थेत आर. सी. मंडल यांनी मडक्यांवर भाज्या घेण्याचे प्रयोग केले, आणि खारवट पाणीसुद्धा मडक्यातून दिलं तर वरून ओतण्यापेक्षा पिकाला सोसतं, असं त्यातून पुढे आलं. मुळाशी सतत ओल राहते, त्यामुळे क्षार तिथे दाटत नाही. खारपाणपट्ट्यासाठी याहून नेमकं संशोधन कोणतं असेल? पण पन्नास वर्षांनीही आपल्या गावांच्या अंगणात मडकं पुरलेलं क्वचित दिसतं. मडक्याची भोकं दोन-तीन वर्षांनी क्षाराने बुजतात, तेव्हा ते बदलावं लागतं. कुंभाराला काम मिळतं, एवढाच त्याचा खर्च.

जमीन झाकण्याबद्दल थोडक्यात. वऱ्हाडात सोयाबीनचं आणि तुरीचं कुटार, पऱ्हाट्या, तुराट्या यांची कमी नाही. बुंध्यापासून वीतभर सोडून चार बोटं जाडीचं कुटार आळ्यात पसरलं की पाण्याच्या पाळ्या लांबतात. उधईची भीती असते, ती खोटी नाही. निंबोळी पेंड मिसळली की ती आटोक्यात राहते. पालापाचोळा झाडून पेटवून देण्याची सकाळची सवय मात्र आता सोडायलाच हवी.

राहिलं घरातलं सांडपाणी. जुन्या वऱ्हाडी घरात न्हाणीचं पाणी परसात जायचं, तिथे केळी, अळू, कर्दळ, एखादं शेवग्याचं झाड. भांडी राखेने घासलेली, केस शिकेकाईने धुतलेले. ते पाणी माती सहज पचवायची. शहरी पुरवठ्याचं जे माणशी १३५ लिटरचं माप धरलं जातं त्यात आंघोळीचे ५५ आणि कपड्यांचे २० लिटर असतात. आपल्या गावांत एवढं पाणी मिळत नाही, निम्मंच मिळतं असं धरा. तरी पाच माणसांच्या घरातून रोज पावणेदोनशे लिटरच्या वर पाणी एकदा वापरून बाहेर जातं. वर सांगितलेल्या लॉनला ते पुरणार नाही, पण दहा-बारा समंजस झाडांना पुरून उरेल. आंघोळीचं पाणी खडी, वाळू आणि कोळशाच्या पिंपातून कर्दळीच्या वाफ्यात आणि तिथून झाडांना. साठवून ठेवायचं नाही, एका दिवसात वास मारायला लागतं आणि डास होतात. कपड्याच्या पावडरचं पाणी घाटावर आलटूनपालटून चालतं. घाटाखाली नको, पावडरमधला सोडियम आधीच भरलेल्या जमिनीत आणखी भर घालतो. पालेभाजीवर हे पाणी कुठेच नको.

झाडांची यादी नर्सरीत मिळते, म्हणून मी यादी देत नाही, निवडीचा कल सांगतो. या हवेतली शहाणी झाडं उन्हाळ्यात झोपतात. अजिंठ्याच्या रांगांमध्ये आपोआप उगवणारं सीताफळ पानं टाकून स्वस्थ उभं राहतं. चाफा पानांशिवाय फुलतो, पळस तर उघड्या फांद्यांवर पेटतो, बहावा भर वैशाखात पिवळा होतो. ज्याला उन्हाळ्यात पाणी लागतच नाही अशा झाडाला पाणी देण्याची पद्धत शोधावी लागत नाही. घाटावर ही मंडळी, शिवाय आवळा, कढीपत्ता, पारिजातक, कुंपणाला करवंद आणि मेंदी. घाटाखाली खारवटपणा सोसणारी बोर, बेल, करंज, चिंच, कण्हेर. लिंबू आणि गुलाब तिथे टाकीच्या पाण्यावरच. कोनोकार्पसच्या हिरव्यागार भिंतीचा मोह सगळीकडे दिसतो. हा वृक्ष लवकर वाढतो, पाणी नसलं तरी जगतो. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, कारण त्याची मुळं पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांत शिरतात आणि परागकणांमुळे श्वासाचे त्रास वाढतात. कमी पाण्यावर जगतो, एवढ्यावर झाड चांगलं ठरत नाही.

लागवडीची वेळही चुकते. जूनच्या पहिल्या आठवड्यात फोटोपुरतं लावलेलं रोप पाऊस लांबला की जळतं. दोन चांगले पाऊस होऊन माती खोलवर भिजली की लावावं, आणि शक्यतो लहान रोप लावावं. सहा फुटी रोपाची पिशवीत वळलेली मुळं सरळ व्हायलाच दोन वर्षं घेतात. निंबासारखं झाड जागेवरच निंबोळी टाकून उगवलं तर त्याचं सोटमूळ पहिल्यापासून खाली जातं. कोणत्याही झाडाचे पहिले तीन उन्हाळे आपले, पुढचे त्याचे.

नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगाव प्रकल्पाचं काम कित्येक वर्षं चालू आहे. ते पाणी एक दिवस घाटाखालच्या गावांत पोहोचेल, आणि शेतकऱ्याने पाहिलेली ती वाट सार्थ होवो. पण भारी, चिकण, खाली क्षार दडलेल्या जमिनीला मोकाट पाणी दिलं की भूजल वर चढतं आणि क्षाराला पृष्ठभागावर आणतं. पंजाब-हरियाणातल्या कालव्यांच्या काठांवर हे घडून गेलं आहे. शेतात ते घडलं तर त्याच्या शेजारच्या अंगणातही घडेल. आज ज्या परसात चिंच आणि बोर तग धरून आहेत, तिथे नळाला रोज गोडं पाणी आल्यावर पाइप किती वेळ चालू राहतो, यावर त्या मातीचं पुढचं आयुष्य ठरणार आहे. शेगावच्या त्या घरात आता मागच्या दाराशी टाकी बांधली आहे. मामीने तिच्या झाकणावर खडूने रेघा मारल्या आहेत, किती उरलं ते रोज संध्याकाळी पाहायला. उरलेल्या लिंबाशेजारी पुरलेलं मडकं ती तीन दिवसांनी भरते.